आयएसआयचा शिक्का खरा का खोटा? बीआयएस केअर ॲप आणि सरकारमान्य टेस्टिंग लॅब, दोन्हींचा आमच्या दुकानातला अनुभव

आधीच सांगून टाकते, ॲपला पाचपैकी चार स्टार आणि लॅबला पाचपैकी पाच. लॅबला म्हणजे आम्ही दुसऱ्यांदा जिथं गेलो त्या लॅबला, पहिलीचं खाली येईलच. थोडं लांबलंय पण वाचा, थंडी तोंडावर आलीय आणि घरोघरी पाणी तापवायचे रॉड माळ्यावरून खाली उतरणार आहेत.

आमचं कराडजवळ इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटर मी बघते, मिस्टर मागच्या खोलीत मोटर रिवाइंडिंग करतात आणि बाहेरची फिटिंगची कामं घेतात. रॉड, इस्त्री, शेगडी, होल्डर, वायर, बोर्ड, सगळं ठेवतो. इतकी वर्षं माल घेताना मी एकच गोष्ट बघायचे, बॉक्सवर आयएसआयचा शिक्का आहे ना, मग झालं. तो शिक्का नीट कसा वाचायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पण कधी विचारलं नव्हतं.

दोन वर्षांमागं डिसेंबरात एका सकाळी दुकान उघडायला गेले तर आमचे एक जुने गिऱ्हाईक, सासऱ्यांच्या बरोबरीचे, मी त्यांना मामाच म्हणते, पायरीवर बसलेले. हातात पिशवी, पिशवीत रॉड. म्हणाले, "पोरी, सुनेला झटका बसला गं. पाणी तापलं का बघायला बादलीत हात घातला तिनं." पायात रबरी चप्पल होती आणि पोरगा शेजारीच उभा होता त्यानं पटकन बटण बंद केलं म्हणून वाचली, हाताला मुंग्या आणि खांदा दोन दिवस धरलेला, एवढ्यावर निभावलं. चालू रॉड असताना पाण्यात हात घालूच नये हे आपण सगळ्यांना सांगतो, पण सकाळच्या घाईत कोण ऐकतंय, आणि माणूस चुकेल हे धरूनच वस्तू बनवायची असते ना. तो रॉड आमच्याच दुकानातला. बिलावर अक्षर माझं. मामा भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, "शिक्का बघून घेतलावता की गं."

ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना.

मिस्टरांनी तो रॉड तिथंच हँडलपाशी खोलला. वायर तीन पदरी, प्लग तीन पिनचा, दिसायला सगळं बरोबर. आत मात्र हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, हँडलमध्येच कापून सोडून दिलेली. नळीला जोडलेलीच नव्हती! म्हणजे प्लगची ती जाड पिन नुसती दिखाव्याला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रॉडच्या धातूच्या नळीत तापणारी कॉइल असते आणि कॉइल नळीला चिकटू नये म्हणून मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. नळीला कुठं बारीक चीर गेली, क्षार चढून भोक पडलं की पाणी आत शिरतं, पूड ओली होते आणि करंट नळीवर येतो. अर्थिंग असेल तर तो करंट हिरव्या वायरनं जमिनीत जातो आणि फ्यूज नाहीतर एमसीबी उडते. अर्थिंग नसेल तर नळी, पाणी आणि पाण्यात हात घालणारा माणूस. घरात ३० मिलीअँपचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारं बटण, ज्याला आपण अजून ईएलसीबी म्हणतो, ते असेल तर ते तरी वाचवतं, मामांच्या घरी तेही नव्हतं. मिस्टरांनी त्याच दिवशी जाऊन बसवून दिलं.

आता ॲपकडं येते. बीआयएस केअर हे भारतीय मानक ब्युरोचं सरकारी ॲप, २०२०च्या जुलैमध्ये आलं, फुकट आहे. मी आधी नाव ऐकलेलं पण उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी उघडलं. आयएसआयच्या खऱ्या शिक्क्यात तीन गोष्टी असतात: मधे ते चिन्ह, चिन्हाच्या वर मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एल असं लिहून लायसन्सचा नंबर. पाणी तापवायच्या रॉडसाठी वर आयएस ३६८ पाहिजे. आमच्या बॉक्सवर चिन्ह होतं, वर काहीच नव्हतं, खाली नंबर होता. तो नंबर मी ॲपमध्ये टाकला. मला वाटलं काहीच येणार नाही, पण आलं! लायसन्स खरंच होतं, चालू होतं, फक्त ते भलत्याच राज्यातल्या भलत्याच कंपनीचं आणि पीव्हीसी वायरीचं होतं. वायरीच्या लायसन्सचा नंबर उचलून रॉडच्या बॉक्सवर छापलेला. मी बराच वेळ त्या स्क्रीनकडं बघत बसले होते.

त्यामुळं पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा, ॲपनं नंबर सापडला म्हणून खूश व्हायचं नाही, खाली वाचायचं. कंपनीचं नाव काय, पत्ता कुठला, वस्तू कुठली, कुठल्या आयएसखाली, ब्रँडचं नाव तेच आहे का, आणि लायसन्सची स्थिती काय. चालू असेल तर ऑपरेटिव्ह असं दिसतं. ब्रँडचं नाव जुळत नसेल तर मी माल घेत नाही, मग सेल्समन कितीही म्हणू दे की वैनी आमची दुसरी कंपनी आहे ती. आता प्रत्येक नव्या लॉटचा एक बॉक्स मी काउंटरवर ठेवून नंबर टाकते, एक मिनिट पण लागत नाही, फक्त नंबर बारीक छापलेला असतो म्हणून भिंग ठेवलंय गल्ल्याजवळ.

चार्जर, पॉवर बँक, ॲडॅप्टर असल्या इलेक्ट्रॉनिक मालाचं वेगळं आहे बरं का. त्यावर आयएसआय नसतं, तिथं २०१२च्या आदेशानं सुरू झालेली सक्तीची नोंदणी आहे, आणि नंबर आर अक्षरापासून सुरू होतो. तो पण ह्याच ॲपमध्ये बघता येतो. आणि सोन्याच्या दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी-आकडी नंबर, तोही इथंच. १ एप्रिल २०२३पासून सराफाला एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात मी पाटल्यांचा नंबर सराफाच्या दुकानातच बसून टाकला, दागिना कुठला, शुद्धता किती, कुठल्या केंद्रात हॉलमार्क झाला, सगळं दिसलं. हॉलमार्क सेंटरचं नाव दिसतं हे मला फार आवडलं. आणि इथंच मला ॲपचा एक स्टार कापावा लागला.

कारण आयएसआयच्या मालाला तसं दिसत नाही. पाटलीचं सोनं कुठल्या केंद्रानं तपासलं हे मला कळतं, पण ज्या रॉडनं माणूस मरू शकतो तो कुठल्या लॅबनं तपासला, कधी तपासला, हे ॲप सांगत नाही. लायसन्स आहे एवढंच कळतं. लायसन्सच्या मागं लॅबचा रिपोर्ट असतो, आणि मला तर तोच बघायचा होता. निदान लॅबचं नाव आणि रिपोर्टची तारीख तरी दाखवा अशी माझी मनापासून विनंती आहे.

मग मी ह्या लॅबच्या भानगडीत शिरले. ओळखीचे एक जण कुपवाड एमआयडीसीत छोट्या शेगड्या बनवतात, त्यांनी नीट समजावलं. बीआयएसच्या स्वतःच्या लॅब आहेत, मुख्य साहिबाबादला, आपल्याकडं मुंबईत अंधेरीला, शिवाय कोलकाता, चेन्नई, मोहाली वगैरे. पण देशभरातल्या एवढ्या मालाला त्या कुठं पुरणार, म्हणून बाहेरच्या लॅबना बीआयएस मान्यता देतं. त्यासाठी लॅबकडं आधी एनएबीएलची, म्हणजे लॅबनाच तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते, आयएसओ १७०२५ ह्या मानकाप्रमाणं. एनएबीएल बघतं की लॅबमधली माणसं, यंत्रं, पद्धत, मीटरचं कॅलिब्रेशन हे सगळं भरवशाचं आहे का. आणि मग बीआयएस मान्यता देतं ती सरसकट नाही, अमुक आयएससाठी, तमुक आयएससाठी अशी. त्या आयएसमधल्या एखाद्या चाचणीची सोय लॅबकडं नसेल तर तेही नोंदलेलं असतं. एक लॅब इस्त्रीसाठी मान्य असेल आणि रॉडसाठी नसेल, असं असू शकतं. हे "कशासाठी मान्य" म्हणजेच स्कोप. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा स्कोपमध्ये काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

हे आम्हाला आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते. झालं असं, त्याच लॉटचे चार रॉड माझ्याकडं शिल्लक होते. डिस्ट्रिब्युटर ऐकायलाच तयार नव्हता, "एखादा पीस खराब निघतो वैनी, बदलून देतो," हेच टुमणं. बाजारपेठेतल्या अजून दोघा दुकानदारांकडं तोच माल होता, आम्ही तिघांनी ठरवलं की आपण टेस्ट करून घेऊ आणि रिपोर्टच पुढं टाकू. खर्च तिघांत. एका लॅबचा बोर्ड माहीत होता, "एनएबीएल मान्यताप्राप्त" असं मोठ्या अक्षरात. तिथं गेलो, त्यांनी नमुना घेतला, पैसे घेतले, आठवड्यानं दोन पानांचा रिपोर्ट दिला. त्यावर एनएबीएलचं चिन्ह नव्हतं, मला तेव्हा कळलं पण नाही. शेगडीवाल्या ओळखीच्यांना दाखवला तर ते म्हणाले, "ताई, ह्याचा उपयोग नाही." त्या लॅबची मान्यता सिमेंट, स्टील आणि पाणी तपासायची होती. विजेच्या वस्तूंची नव्हतीच. मान्यता खरी, पण आमच्या कामाची नाही. त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही बघितलं नाही. कुठली लॅब ते इथं लिहीत नाही, पण सगळ्यांनी घ्यायचा धडा हा की एनएबीएलच्या साइटवर लॅबचं नाव टाकून स्कोप उघडून बघा, आणि रिपोर्टवर चिन्ह आणि यूएलआर नंबर आहे का बघा. यूएलआर म्हणजे त्या रिपोर्टचा एकमेव नंबर, प्रत्येक रिपोर्टला वेगळा.

दुसऱ्यांदा मात्र नीट शोधलं. बीआयएसच्या लॅबच्या पोर्टलवर आयएसचा नंबर टाकला की त्या आयएससाठी कुठल्या कुठल्या लॅब मान्य आहेत त्याची यादी येते, मान्यता कधीपर्यंत आहे, पूर्ण टेस्टिंगची फी किती, कुठली चाचणी तिथं होत नाही, सगळं. ही यादी म्हणजे मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट. फार लोकांना माहीतच नाही, लोक जस्टडायलवर लॅब शोधत बसतात. ३६८ टाकून आलेल्या यादीतली पुण्याकडची एक लॅब निवडली, फोन केला, फी यादीत होती तेवढीच सांगितली. नमुने किती लागतील, सील कसं करायचं, सोबत काय लिहून द्यायचं हे फोनवरच सांगितलं. आम्ही विचारलं, टेस्ट बघायला मिळेल का, तर म्हणाले आधी सांगून या, ठरलेल्या वेळी बघू शकता. मिस्टर आणि मी एसटीनं गेलो, रॉडची पिशवी मांडीवर. सोबत तुलनेला एक चांगल्या कंपनीचा, ॲपमध्ये नंबर जुळलेला रॉड पण नेला होता.

आत शिरल्यावर पहिलं काय दिसलं तर प्रत्येक मीटरवर छोटं स्टिकर, कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी करायचं. मिस्टर त्यावरच खूश. ते म्हणाले माझा मीटर दहा वर्षांत कुणी तपासला नाही. तिथल्या इंजिनियर मॅडम पंचविशीच्या असतील, पण काय समजावून सांगत होत्या! त्यांनी आधी एक स्टीलचं बोट दाखवलं. खरंच बोट, ८० मिलीमीटर लांब, १२ मिलीमीटर जाड, दोन पेरांवर वाकणारं, टोकाला गोल. त्याला टेस्ट फिंगरच म्हणतात. ते बोट वस्तूच्या प्रत्येक फटीत, प्रत्येक भोकात वाकवून, वळवून घालतात, आणि ते करंटच्या भागाला लागलं की जोडलेला दिवा लागतो. आंतरराष्ट्रीय मानकातही हे बोट ह्याच मापाचं. बाईचं बोट, पोराचं बोट, कुणाचं तरी बोट कधीतरी तिथं जाणारच आहे, म्हणून आधी हे बोट घालून बघायचं. मी ते हातात धरून बघितलं, जड आणि गार होतं, आणि मला मामांच्या सुनेचा हात आठवला.

मग अर्थिंगची टेस्ट. प्लगच्या जाड पिनेला एक टोक, रॉडच्या नळीला दुसरं, मधून २५ अँपिअर करंट सोडतात आणि रेझिस्टन्स मोजतात, ०.१ ओहमच्या वर जाता कामा नये. चांगल्या रॉडचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. आमच्या लॉटच्या रॉडला करंट जाईचना, मीटर ओपन दाखवत राहिला. मॅडमनी क्लिप काढून परत लावली, दुसरा नमुना लावला, तेच. म्हणाल्या, ह्यात अर्थ जोडलेलाच नाहीये. मिस्टर काही बोलले नाहीत, त्यांना ते आधीच माहीत होतं, पण सरकारनं मानलेल्या लॅबच्या मीटरवर दिसणं वेगळं.

वायर ओढायची टेस्ट पण बघितली. रॉडचं वजन किलोच्या आत, म्हणून ३० न्यूटननं, म्हणजे अंदाजे तीन किलोच्या वजनानं, २५ वेळा वायर ओढतात, दर वेळी एक सेकंद, आणि वायर २ मिलीमीटरच्या वर सरकायला नको. आमची डोळ्यांना दिसेल एवढी बाहेर आली. आतल्या जोडावर सगळा ताण. आपण घरी काय करतो, प्लग काढताना वायरच धरून ओढतो, बरोबर का? म्हणून ती टेस्ट. बाकीच्या टेस्ट बघायला थांबता येणार नव्हतं. दमट कपाटात ४८ तास ठेवायचं, ९३ टक्क्यांच्या आसपास दमटपणा, आणि मग लगेच लीकेज, म्हणजे बाहेर गळणारा करंट, मोजायचं आणि हाय व्होल्टेज द्यायचं, असं त्यांनी सांगितलं. दमट का, तर आपलं न्हाणीघर कसं असतं ते आठवा. अशा हातात धरायच्या अर्थिंगवाल्या वस्तूंना लीकेजची मर्यादा पाऊण मिलीअँप आहे. ३० मिलीअँपला आरसीसीबी पडतं, आणि इथं पाऊण! टेस्ट एवढी कडक का असते ते मला तेव्हा पटलं.

रिपोर्ट वेळेवर आला. प्रत्येक कलमासमोर मर्यादा काय, आलं काय, पास का नापास. अर्थिंग नापास, वायरची पकड नापास, शिक्क्याचं छापणं नापास. खाली एक ओळ होती, निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता. मी आधी हिरमुसले, म्हटलं मग बाकीच्या मालाचं काय? मॅडमनी फोनवर सांगितलं, लॅब जे हातात आलं तेवढंच सांगू शकते, कारखान्यात रोज काय बनतं ते बघायचं काम बीआयएसचं, त्यासाठी ते कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलतात. हा खुलासा मला प्रामाणिक वाटला. जास्तीचं काहीच बोलल्या नाहीत.

रिपोर्ट बघून डिस्ट्रिब्युटरनं तिघांचा सगळा माल उचलला आणि पैसे परत दिले. मी ॲपवरच तक्रार पण टाकली, शिक्क्याचा गैरवापर म्हणून, फोटो, बिल, रिपोर्ट सगळं जोडून. तक्रारीचा नंबर लगेच मिळाला आणि नंतर माहिती विचारायला फोन आला. दुकानदार तक्रार करायला घाबरतात, आपल्यावरच शेकेल म्हणून. मला पण रात्री झोप लागली नव्हती, कारण २०१६च्या बीआयएस कायद्यात सक्तीच्या वस्तू मार्कशिवाय बनवणाऱ्यालाच नाही तर विकणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर किमान २ लाख दंड अशी तरतूद लिहिलीय, आणि रॉड, इस्त्री, वायर ह्या २००३च्या आदेशापासून सक्तीच्याच यादीत आहेत. पण गप्प बसले असते तर तोच माल दुसऱ्या तालुक्यात गेला असता.

ह्यावरून आठवलं, माझी नणंद न्यूजर्सीला असते. तिला हे सांगितलं तर तिनं तिच्या टेबल लॅम्पच्या खालचा फोटो पाठवला, गोलात यूएल. मग आम्ही दोघींनी मिळून वाचलं. तिकडं कामगारांच्या सुरक्षेचं सरकारी खातं आहे, ओशा, ते १९८८पासून लॅबना मान्यता देतं आणि कामाच्या जागेवरच्या बऱ्याच विजेच्या वस्तू ह्या मान्य लॅबनीच तपासलेल्या असाव्या लागतात. यूएल ही त्यातलीच एक लॅब, ती तर १८९४पासूनची. तिकडंही मान्यता देताना कुठल्या मानकांसाठी आणि लॅबच्या कुठल्या जागेसाठी ते ठरवून देतात, म्हणजे स्कोप आलाच. पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटला. तिकडं प्रत्येक लॅबचा स्वतःचा शिक्का असतो, यूएलचा वेगळा, ईटीएलचा वेगळा, सीएसएचा वेगळा, म्हणजे वस्तू उलटी केली की कुणी तपासली हे कळतं. आपल्याकडं शिक्का एकच, सरकारचा, त्यामागं कुठली लॅब ते दिसत नाही. आपली पद्धत वाईट म्हणत नाही, उलट एकच शिक्का खेड्यातल्या माणसाला ओळखायला सोपा आहे, आमच्या मामांना यूएल आणि ईटीएल कोण शिकवणार? पण त्या एका शिक्क्यामागचं नाव ॲपमध्ये तरी दिसावं, एवढंच. आणि हो, परदेशी मालावर सीई हे युरोपातलं चिन्ह दिसलं म्हणून भुलू नका, विजेच्या घरगुती वस्तूंवरचं सीई बहुतेक वेळा कंपनीनं स्वतःच जाहीर केलेलं असतं, बाहेरच्या लॅबनं तपासलंच असेल असं नाही.

छोट्या कारखानदारांची बाजू पण सांगायला पाहिजे. ते शेगडीवाले म्हणतात, लायसन्सला अर्ज करायचा, मान्य लॅबचा रिपोर्ट जोडायचा, कारखाना तपासून घ्यायचा, आत रोजच्या टेस्टची यंत्रं ठेवायची, वर दरवर्षीची मार्किंग फी, आमच्यासारख्याचा जीव जातो, आणि शेजारी कोणीतरी बनावट शिक्का छापून निम्म्या भावात विकतो. त्यांचं दुखणं खरं आहे. माझं म्हणणं, एमआयडीसीत दहा जणांनी मिळून वापरायची टेस्टिंगची सोय करा, फी कमी करा, पण टेस्ट कमी करू नका. हिरवी वायर जोडायला किती खर्च येतो हो? एक क्रिम्प आणि अर्धं मिनिट.

रॉड घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जाता जाता. १५०० वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, तो ६ अँपिअरच्या बारक्या प्लगवर लावायचा नाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट पाहिजे. आणि रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते, तिच्या खाली पाणी ठेवू नका, वर पण नको. बटण बंद करून, प्लग काढून, मगच पाण्यात हात.

मागच्या आठवड्यात मामा परत आले होते, नातवाच्या होस्टेलसाठी इस्त्री पाहिजे म्हणून. मी दोन ब्रँड पुढं ठेवले. त्यांनी चष्मा वर केला, भिंग मागितलं आणि बॉक्स उलटा करून नंबर वाचायला सुरुवात केली, "आठ... तीन... शून्य का सहा हाय बघ गं..." मी टाइप करत गेले. ऑपरेटिव्ह आलं, ब्रँडचं नाव जुळलं, वस्तू इस्त्रीच होती. मामा म्हणाले, "आता प्लग खोलून दाव, हिरवी वायर बघायचीय." मिस्टरांनी स्क्रू ड्रायव्हर आणून प्लग खोलला. हिरवी वायर जाड पिनेला घट्ट आवळलेली होती. मग नळीसारखं इथंही बघायचं म्हणून मीटरचं एक टोक पिनेला, दुसरं इस्त्रीच्या तळाला लावलं, मीटर वाजला, आणि मामांनी पैसे काढले.